उथळ कोरलेली रेघ

फिलाडेल्फिया, फेब्रुवारी १७६४

प्रिय बाबा,

तुमच्या लेकीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवणही नीट होतं. थंडीत तुमचा गुडघा दुखतो का? आईला सांगा, मोजे पोचले.

डोंगरापलीकडे जमीन मिळेल म्हणून तुम्ही फ्रेंचांशी लढलात आणि जिंकल्यावर इंग्लंडच्या राजाने डोंगर ओलांडायलाच बंदी केली. इथेही लोक खवळले आहेत. त्या बंदीची रेघ नकाशाच्या तांब्याच्या पत्र्यावर मीच कोरली.

आमच्या छापखान्याचे मास्तर लॉडर भिंगातून बघत म्हणाले, "काय गं, हात दुखत होता का? ही रेघ उथळ झालीय. थोडे नकाशे छापले की झिजेल."

"नद्या खोल कोरल्यात, मास्तर. त्या जागच्या हलत नाहीत."

ते हसले. "बाप लढाईत होता ना तुझा? राहू दे तशीच."

तिथल्या मूळ रहिवाशांशी तह झाला की रेघ पश्चिमेला सरकेल, असं म्हणतात. पत्रा मागून ठोकून, घासून मी ती एका दुपारीत पुसेन. तोवर शेजाऱ्यांच्या नादाने चोरून डोंगर चढू नका, बाबा. कुऱ्हाडीला मात्र तेल लावून ठेवा.

तुमची,
टॅबिथा