यादीतलं पहिलं काम

माण, पेटा मुळशी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४९

नैरोबीच्या घरधन्यांना सारजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही दोघी सासूसुना बऱ्या आहोत. मास्तर सुरुवातीला 'कृतानेक' की काय ते लिहितात, ते मला जमत नाही. अक्षर ओळखलंत ना? तुम्हीच जाण्याआधी पाटीवर गिरवून घेतलेलं आहे. चार वर्षं सासूबाई सांगायच्या आणि मास्तर लिहायचे. आज मी स्वतः बसलेय, कारण हे मास्तरांना सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

भात झोडून कणगीत गेलं. सासूबाईंचा गुडघा अजून कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे.

बोटीवर चढण्याआधी करायच्या कामांची तुमची यादी मिळाली. यादीतलं पहिलं काम सोडून पुढचं सांगते.

क्विनीनच्या गोळ्या पौडच्या दवाखान्यातून आणल्या. तुम्ही लिहिलंत, बोटीतून उतरायच्या आठवडाभर आधी सुरू कर. डॉक्टर म्हणाले, उतरल्यावर रोज एक. सासूबाई म्हणतात, "ताप न्हाई, काय न्हाई, आन औषिद कशापायी गिळायचं?" मला तिघांचंही पटतं, म्हणून पुडी तशीच बांधून ठेवलीय. एक गोळी जिभेला लावून पाहिली. तिच्यापेक्षा ताप बरा.

पोटाला बांधायचा फ्लॅनेलचा पट्टा शिवला. तो लुगड्याच्या आतून बांधायचा की वरून, ते लिहायला तुम्ही विसरलात. हे मी कोणाला विचारू? सध्या खुंटीवर लटकतोय.

डावीकडची दाढ काढली. ती दुखायची तुम्ही इथे असताना, गेली चार वर्षं गप्प होती. डॉक्टरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "समुद्रात दुखली तर कोण काढणार?" मी तोंड उघडलं. आता जेवताना घास आपोआप उजवीकडे जातो.

डोळेही तपासले. पापण्या उलटून खुपऱ्या आहेत का बघितलं. नाहीत. "डोळे वाचले, नशीब समजा बाई," असं म्हणाले. कशातून वाचले ते तुम्हाला माहीत नाही, आणि तेच लिहायला मी हा कागद घेतला. तरी बघा, दाढेचं पुराण लावून बसले.

तर यादीतलं पहिलं. देवी टोचून दाखला घेणे.

देवी टोचणाऱ्या डॉक्टरांपुढे मी बाही वर करून दंड धरला. त्यांनी दंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. "तुम्हाला टोचायचं कारण नाही. तुमचा दाखला तोंडावरच आहे." कंपाउंडर हसला. मीही हसले. का हसले, गाडीत बसून घरी येईपर्यंत मला उमगलं नाही. मग रडू आलं.

मागल्या साली शिमग्यानंतर मला मोठ्या देवी आल्या होत्या. एकवीस दिवस. सासूबाईंनी कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, घरात फोडणी बंद केली, रात्रंदिवस उशाशी बसल्या. त्यांना बोल लावू नका. पण तुम्हाला कळवायचं म्हटलं की म्हणायच्या, "देवीबाईचं गाऱ्हानं कागदावर मांडू नये, कोपंल." बाई गेल्यावर मी आरशात पाहिलं, आणि मग मलाच कळवावंसं वाटेना. मास्तर 'सर्व कुशल' लिहीत राहिले आणि मी दाराआड ऐकत राहिले. तो दोष माझा.

लहानपणी गावात देवी डॉक्टर आले की माझी आई मला कणगीत लपवायची. पोरीच्या दंडाला डाग नको म्हणून.

पुण्यात काढलेला आपला फोटो तुम्ही ट्रंकेच्या झाकणाला आतून लावलाय आणि रोज बघता, असं लिहिता. त्यातली बाई आता नाही. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर सगळीकडे वण आहेत. नाकपुडी एका बाजूला ओढली गेलीय, नथ नीट बसत नाही.

मी यावं की नाही, मला खरंच कळत नाही. सकाळी ट्रंक भरते, संध्याकाळी उपसते. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "गेणू माजा ल्योक हाय. तोंड बगून बायकू टाकायचा न्हाई." आणि लगेच म्हणाल्या, "पर उतरताना पदर वाईच म्होरं वढून घे." यातलं कोणतं खरं धरू?

तुमच्या कुशाबा मिस्त्रींची लीलाबाई सोबत आहे, तिकीट आलंय. हे पत्र आधीच्या बोटीने निघेल, पण तुमचं उत्तर माणला पोहोचायच्या आत माझी बोट सुटलेली असेल. मी मुद्दामच इतके दिवस थांबले. आधी लिहिलं असतं तर तुम्ही 'नको' म्हणाला असतात, अशी भीती होती. आणि मुळीच लिहिलं नसतं तर तुम्हाला फसवल्यासारखं झालं असतं. आता जे केलंय ते बरं की वाईट, तेही कळत नाही. मला तुमच्याजवळ यायचंय, एवढंच कळतं.

मोंबाशाला हिरवं लुगडं नेसून उतर, गर्दीत लगेच ओळखीन, असं तुम्ही लिहिलंत. हिरवंच नेसेन. पदर मात्र पुढे ओढणार नाही. तुम्हाला नाही ओळखता आलं तर मी ओळखीन.

डॉक्टरांनी दाखल्यावर दोन गोष्टी लिहिल्यात. चेहऱ्यावर देवीचे वण. नजर उत्तम. तेव्हा धक्क्यावर मला बघून तुम्ही तोंड फिरवलंत, तर ते मला बोटीवरूनच दिसेल.

एक दाढ कमी, बाकी सगळ्या वणांसकट तुमचीच,
सारजा