सगळे फोटो काढून टाका

४ जून, ऑफिस, ११.४०
महत्त्वाचा दिवस. ओळखपत्रांच्या फोटोंसाठी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतला फोटोवाला आला होता. आमच्या आवक-जावक विभागातून त्याने नेमकं मलाच बोलावलं आणि पांढरा पुठ्ठा धरायला लावला. पाऊण तास धरला. शेवटी म्हणाला की तुमचा हात अजिबात हलत नाही. असं तो सगळ्यांना म्हणत नसणार. बावीस वर्षं याच हाताने टपालावर शिक्के मारतोय, कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

५ जून
माझ्यात एक फोटोग्राफर दडलेला आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली की असेल, पण तो बाहेर पडलाच तर येताना दूध आणायला सांगा.

९ जून
कॅमेरा घेतला. दुकानदाराने विचारलं, घरगुती की प्रोफेशनल. मी नुसता हसलो. त्याने घरगुती दिला.
संकल्प: रोज शंभर फोटो. मॅन्युअल पूर्ण वाचणे. वर्षअखेरीस राजीनामा. (पत्राचा मसुदा तयार. मजकूर छान उतरलाय.)

१२ जून
मॅन्युअल पान चारपर्यंत. पुढे नुसत्या आकृत्या. कलावंताने फार वाचू नये, नजर बिघडते.
हिचं पोर्ट्रेट काढलं. अर्धं डोकं फ्रेमच्या बाहेर, मुद्दाम. हिने विचारलं की उरलेलं अर्धं कुणाला देऊन आलात. घरच्यांची जाण वाढवावी लागेल.

१९ जून
रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. आणि आत्या येणार आहे. बाबांची ही एकुलती एक बहीण. नऊ वर्षं दोघांत बोलणं नाही. कारण, आजीचं शिलाई मशीन. ते आत्याला हवं होतं आणि बाबांनी न विचारता शेजाऱ्यांना देऊन टाकलं. शिवता दोघांनाही येत नाही. हिने परस्पर फोन करून आत्याला राजी केलं. बाबांना कळल्यावर त्यांनी पेपर तोंडापुढे धरला तो तासभर खाली केला नाही.
संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले की आम्हा दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही, एक चांगला काढ. मी म्हटलं, बाबा, निर्धास्त राहा. पहिली असाइनमेंट.

२२ जून, रविवार
यशस्वी. २७४ फोटो.
सुरुवातीलाच जाहीर केलं की फोनवर कुणी फोटो काढायचे नाहीत. एक माणूस तन्मयतेने काम करत असताना शेजारी फोन उगारणं म्हणजे ऑपरेशन चालू असताना बाजूला भाजी चिरत बसणं. सगळ्यांचे फोन गोळा करून फ्रिजवर ठेवले. ही पुटपुटली. दुर्लक्ष केलं.
आत्या आली तेव्हा बाबा उठले, बसले, पुन्हा उठले. मग दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. अर्ध्या तासाने आत्याने मधली उशी उचलून मांडीवर घेतली आणि जवळ सरकली. केक कापल्यावर बाबांच्या कॉलरला लागलेलं क्रीम तिने आपल्या रुमालाने पुसलं. बाबा हसले. असे हसलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तेवढ्या एका क्षणाचे एकेचाळीस फोटो घेतले. त्यातले दोन-तीन तर स्पष्टही आलेत.

२३ जून
ही म्हणाली की आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. तिला समजावलं की कॉपी ती कॉपीच. अस्सल माल थेट कार्डातून कागदावर जायला हवा.
ऑफिस सुटल्यावर स्टुडिओत गेलो. चार शब्दांचं काम मी चाळीस शब्दांत करतो असं हिचं नेहमीचं म्हणणं, म्हणून आज मोजकं बोललो. कार्ड काउंटरवर ठेवून म्हटलं, सगळे फोटो काढून टाका. फोटोवाल्याने विचारलं, सगळे? म्हटलं, सगळे. त्याने कार्ड लावून काही फोटो पाहिले. चेहरा गंभीर झाला. मग विचारलं की दोन-चार तरी ठेवायचे का. म्हटलं, एकही ठेवू नका. त्याने समजूतदारपणे मान हलवली. कलावंताने कलावंताला ओळखलं.
लगेच होईल म्हणत होता. मी म्हटलं, घाई नको, उद्या येतो.

२४ जून, संध्याकाळी ७.००
पाकीट नाही. नुसतं कार्ड. रिकामं.
फोटोवाल्याचं म्हणणं, काढून द्या म्हटलं की प्रिंट, काढून टाका म्हटलं की डिलीट. माझं म्हणणं, पत्र लिहून टाका, काम उरकून टाका, तसंच हे. व्याकरण माझ्या बाजूने आहे. मी विचारलं की घरचे २७४ फोटो कुणी असे पुसून घ्यायला आणतं का. तर म्हणाला की आधी त्यालाही तेच वाटलं होतं, पण फोटो पाहिल्यावर शंका राहिली नाही.
घरी बोललो नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

२५ जून
आजची वेळ योग्य नव्हती. बाबांनी विचारलं, फोटो कधी येणार. म्हटलं, लॅबमध्ये आहेत.
कार्ड बिघडलंय की काय हे तपासायला बाथरूमच्या गळक्या नळाचे ३१० फोटो काढले. कार्ड उत्तम चालतं.

२६ जून
फोटोवाल्याचा फोन. त्याला वाईट वाटत होतं. म्हणाला की पुसलेले फोटो बहुतेक वेळा परत मिळतात, फक्त कार्डावर नवीन काही काढलेलं नसलं पाहिजे. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत.

२८ जून
बाबांनी फ्रेम आणली. भिंतीवर खिळा ठोकून तिथे रिकामीच टांगून ठेवलीय. सकाळी काच पुसत होते. मी चहा तसाच ठेवून उठलो.
उद्या सांगणार. नक्की.

२९ जून, रविवार
सांगितलं. बाबांनी फ्रेमकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले की तिच्या रुमालाचा तरी आला असता. लाज वाटली. लिहितानाही वाटतेय. व्याकरणाचा मुद्दा काढला नाही.
जेवणानंतर बाबांनी चष्मा लावला, वहीतून नंबर शोधला आणि स्वतः आत्याला फोन लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले की आमच्या गाढवाने सगळं घालवलं, तुला परत यावं लागेल. पलीकडून हसू ऐकू आलं. चाळीस मिनिटं बोलले. शिलाई मशीनचाही विषय निघाला आणि बाबा म्हणाले की चुकलंच माझं. मी दाराआडून ऐकत होतो.
तटस्थपणे पाहिलं तर हे सगळं माझ्या फोटोग्राफीमुळे जुळून आलं. तूर्त कुणाजवळ बोलणार नाही.

६ जुलै, रविवार
आत्या आली. मी कॅमेरा गळ्यात अडकवून तयार. बाबांनी तो उतरवायला लावला आणि म्हणाले की तू इकडे आमच्या मागे उभा राहा. म्हटलं, मग काढणार कोण. हिने फोन उचलला. एकच फोटो, फार तर वीस सेकंद.
आत्याने बाबांचा हात धरलाय आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतायत. खोट शोधायची म्हणून दहा मिनिटं बघितला, सापडली नाही. डोळे भरून आले. फोटो फार सुंदर आहे. मिटलेले डोळे आहेत ते फक्त माझे.

७ जुलै
प्रिंट आणायला मीच गेलो. फोटोवाल्याने प्रिंट उजेडात धरून पाहिली, मग म्हणाला की एकदम मस्त, फक्त मागचा माणूस कापला तर फ्रेममध्ये नीट बसेल. त्याला नजर आहे. मी हो म्हटलं.