घाटात आपोआप बंद होणारी गाडी

आबा, मी पिकअप घेतली. पाच जण आत बसतील अशी, मागं हौदा असलेली, पांढरी. रंगावरून तुम्ही काही बोलणार नाही, कारण आपल्याकडच्या धुळीत आठवडाभरात सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. बोलाल ते दुसऱ्याच गोष्टीवरून, म्हणून ती आधीच सांगून टाकते. ही गाडी थांबली की तिचं इंजिन आपोआप बंद होतं. न्यूट्रल करून क्लच सोडला की बंद, क्लच दाबला की चालू. चावीला हात लावायचाच नाही. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. एक छोटी जादा बॅटरी आणि इंजिनाला पट्ट्यानं जोडलेली एक मोटर. ही मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही, पण इंजिन ओढायला लागलं की आपलाही हात लावते. आपल्या भाऊबंदांत असे हात लावणारे बरेच होते, त्यामुळे तुम्हाला समजायला जड जाणार नाही. शोरूममधला माणूस टाय सावरत मला म्हणाला, "मॅडम, सिग्नलला उभ्या राहिलात की डिझेल वाचतं." मी म्हटलं, अक्कलकुव्यापासून मोलगीपर्यंत सिग्नल कुठं आहे तो दाखवा, मग वाचवू. आमच्याकडे सिग्नलचं काम शेळ्या करतात, हेही त्याला मीच सांगितलं.

खरं तर त्याच्यासमोर उभी असताना मला तुमचाच आवाज ऐकू येत होता. कॉलेजचं पहिलं वर्ष आहे, तुम्ही मला घाटात पहिल्यांदाच तुमची जीप दिली आहे आणि स्वतः शेजारी बसला आहात. मागं मोलगीच्या बाजाराला निघालेल्या नऊ बाया आणि त्यांच्या कोंबड्या. वळणावर शेळ्यांचा कळप आडवा येतो आणि मी, शहाणी, डिझेल वाचवायला चावी फिरवून इंजिन बंद करते. त्या जीपची बॅटरी कधीचीच मेलेली होती हे मला ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आपल्या दारात तुम्ही मुद्दाम मातीचा भराव टाकून उतार करून घेतला होता, सकाळी जीप घरंगळवून चालू करता यावी म्हणून. पण त्या क्षणी माझी अक्कलही उताराला लागली होती. मग नऊ बाया खाली, तुम्ही खाली, वळणावरच्या जराशा सपाटीवर सगळे मिळून ढकलताहेत आणि मी एकटी स्टिअरिंग धरून सावलीत बसले आहे. तिसऱ्या धक्क्याला जीप लागली. संध्याकाळी आई चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भाजत होती, तुम्ही हात धूत होता, आणि पाठमोरेच म्हणालात, "घाटमा इंजिन बंद करानं नही, हाई तुले कितला डाव सांगं? त्या बाया आपला भरोसावर बठतस. त्यासले उन्हमा ढकलाले लावं तू." आईनं माझ्या भाकरीवर त्या दिवशी जरा जास्त तेल घातलं, एवढंच काय ते सांत्वन. आता गंमत बघा. ज्या उद्योगासाठी मी तुमची बोलणी खाल्ली, तोच उद्योग आज गुळगुळीत कागदावर छापून, गाडीचा विशेष गुण म्हणून विकतात.

गाडी दारात आली त्या दिवशी मामांनी ओसरीवरून लांब वायरचा बोर्ड ओढत आणला आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "प्लग कोठे शे हिना?" प्लग नाही, ती चालता चालता स्वतःच भरते, असं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे कंपनीनं मला फसवल्याच्या दयेनं पाहिलं. तुमचा जुना मेकॅनिक बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला, मग त्यानं ते हळूच लावून टाकलं आणि हात पुसले. कशाला हात लावलाच नव्हता, तरी पुसले. सर्व्हिसला मला धुळ्यापर्यंत जावं लागतं. डिझेल कमी लागतं हे खरं, पण शोरूमवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं तेवढं काही कमी लागत नाही. इंजिन बंद झालं की एसीची हवा कोमट होते, आणि आपल्याकडचा मे महिना कोमट हवेला एसी म्हणू देत नाही. पण एक गोष्ट तुम्ही बघायला हवी होतीत. घाट उतरताना पाय उचलला की समोर काट्याशेजारी एक छोटी हिरवी पट्टी भरत जाते. उतारावर चाकांचा जोर फुकट न घालवता ती बॅटरीत साठवते. तुम्ही अठ्ठावीस वर्षं तो घाट उतरलात आणि हाती काय लागलं, तर तापलेल्या ब्रेकचा वास. मी उतार साठवते, आबा. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, ती होऊ द्या.

आता ज्यासाठी गाडी घेतली ते. मोलगीच्या पलीकडच्या त्या पाड्यावरच्या बाया आमचूर करतात, तुम्हीच तर त्यांची पोती आणायचात. कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवून पांढऱ्या झालेल्या फोडी. तुम्ही गेल्यावर तो माल स्टँडवरच्या एका जीपवाल्याकडे गेला, तुम्हाला काका म्हणायचा त्याच्याकडे. मला तो परत हवा होता. पाड्याचा माल कोणाच्या गाडीत जाईल हे आजही ती म्हातारी मावशीच ठरवते, तुमच्या जीपमध्ये कायम पुढच्या सीटवर बसायची तीच. ती एका गाडीत चढली की बाकीच्या तिच्या मागं चढतात, उतरली की उतरतात. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी तिच्या हातापाया पडून चार बाया आणि सहा पोती गाडीत घेतली. बाजारातून बाहेर पडताना गर्दीत थांबले, इंजिन बंद झालं, आणि मी क्लच दाबायच्या आत माझं सोडून तिन्ही दारं उघडली. सगळ्या खाली उतरून हौद्याला हात लावून उभ्या! पानटपरीवरचे दोघं धावत आले, एकानं चाकामागं दगडसुद्धा लावला. मी घाईनं क्लच दाबला, इंजिन लागलं, आणि मागून जयघोष: "लागनी, लागनी!" त्यांना वाटलं त्यांच्या धक्क्यानंच लागली. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी तो जीपवाला आपल्या टपावरून ओरडला, "मावशी, उतरी ये! बापनी गाडी ढकली, आते अंडेरनीबी ढकला!" बापाची ढकललीत, आता लेकीचीही ढकला, यावर बाजार हसला. मावशी उतरली, पोती उतरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या जीपमध्ये चढली. मी चारचौघांत तोंडानं कधी कमी पडत नाही, आबा, पण त्या दिवशी मी काच वर केली आणि रिकामी गाडी घेऊन घरी आले. बाप काढला होता ना त्यानं.

पुढच्या बाजाराला मी रिकाम्या हौद्यानं गेले आणि मावशी जिथं फोडी पसरून बसते तिथं गाडी उभी केली. तिला पुढच्या सीटवर बसवलं. ती घरात भिली बोलते, माझ्याशी मात्र बाजारातली अहिराणी. मी म्हटलं, "मावशी, हाई बंद पडनी नही. तिनी सोता बंद करी."

"कोनी?"

"गाडीनी."

"आन् चालू?"

"तेबी तीच करस."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग तू कसाले बठेल शे?"

शेजारच्या मिरचीवालीला हसून ठसका लागला. मग मावशीनं मला कामाला लावलं. बंद कर. चालू कर. परत कर. इंजिन लागताना जुन्या जीपसारखी धाप टाकत नाही, नुसतं घसा खाकरल्यासारखं करतं, ते तिनं कान देऊन ऐकलं. पंधरा-वीस वेळा झाल्यावर मीच कंटाळून म्हटलं, "आबाले घाटमा इंजिन बंद करानी भीती वाटे. हिले नही वाटत, इतलंच." त्यावर ती एकदम रागावली. "तुन्हा बापले कसानी भीती वं? आम्हना पायमा चप्पल नही ऱ्हाये. उतरनूत की सडकवर पाय भाजेत. म्हनीसन तो बंद नही करे."

आबा, इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही बॅटरीपायी तसे वागायचात. नवी बॅटरी घेत नाही म्हणून आईसुद्धा तुम्हाला चिकट म्हणायची, आणि मी त्यावर हसायची. नातेवाइकांत तर तुमचं नावच निघायचं ते हसायला. केळीचं रान असून जीप हाकतो म्हणून. त्या गाडीत बसून मला वाटलं, गावातल्या प्रत्येक भाऊबंदाला धरून इथं आणावं आणि हे वाक्य मावशीच्या तोंडून दोनदा ऐकवावं. तुमचा असा अभिमान मला तुमच्या अंत्ययात्रेतही वाटला नव्हता. तेव्हा फक्त रडू येत होतं.

त्या दिवशी मावशीनं सहा पोती चढवायला लावली. दुपारी घाट उतरत होतो. खाली रस्त्याचं काम चाललेलं, रोलर आडवा, डांबराची वाफ येतेय. मी ब्रेक दाबून थांबले, न्यूट्रल करून क्लच सोडला आणि इंजिन बंद झालं. आत एकदम शांत. मागच्या तिघींचं कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलणं चाललं होतं, ते तुटलंसुद्धा नाही. एकीचाही हात दाराच्या कडीकडे गेला नाही. मावशीनं डोळे मिटले होते. बाहेर डांबर नुसतं चकाकत होतं आणि आत आठ अनवाणी पाय पायपुसण्यांवर गप्प बसलेले. त्या मोसमात पाड्याचा सगळा आमचूर मीच खाली आणला. तो जीपवाला आता मला ताई म्हणतो आणि एसी सुरू असताना इंजिन बंद होतं का, असं विचारतो.

हे पत्र मी तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. वसतिगृहातून लिहिलेलं माझं एकूण एक पत्र तुम्ही स्टँडवर मोठ्यानं वाचून दाखवायचात, आणि यात एक गोष्ट अशी आहे जी स्टँडला कळता कामा नये. रोलरमागं त्या शांततेत सगळ्या बाया निवांत होत्या, तेव्हा मला वाटलं, आता ही लागलीच नाही तर? माझा हात आपोआप चावीवर गेला, चावी मागं फिरवली, पुढं फिरवली. समोरचे सगळे दिवे विझले आणि परत लागले. मावशीनं एक डोळा उघडला. "आते कोनी बंद करी?"

"तिनीच," मी म्हटलं.

गाडीनं नाही, आबा. मीच बंद केली होती.