मधला आवाज

मागच्या नोव्हेंबरमध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. त्यातले चौथे कलम चुकीचे होते. चुकीच्या कलमाखाली माझी सही राहू नये, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी ते दुरुस्त करते.

तिथे मी लिहिले होते: "मी नऊ वर्षांची असताना माझे काका एम्रिस यांनी चर्चमध्ये, सर्वांसमोर, माझ्या वडिलांच्या आधी उठून आमचे घरचे गीत गायले आणि ते आमच्याकडून हिरावून घेतले. सबब त्यांना अगर त्यांच्या घरातल्या कोणाला माझ्याकडून काही मिळू नये, आणि माझ्या अंत्यविधीत त्यांनी गाऊ नये." यातले 'आधी उठून गायले' एवढे खरे आहे. 'हिरावून घेतले' हे खरे नाही. मी तेव्हा वडिलांच्या शेजारीच बसले होते, तरी मला ते खरे वाटत आले, कारण पुढे आमच्या घरात तेवढेच बोलले गेले.

मी लिनेद, कै. ट्रेव्हर यांची एकुलती एक मुलगी, राहणार केव्हन ब्रीथ हे शेतघर, वय अठ्ठावीस, गुरांच्या दवाखान्यात नोकरी. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; उलट एवढ्याशा ऑपरेशनसाठी मृत्युपत्र कशाला, असेच सगळे म्हणाले. याच महिन्याच्या सोळा तारखेला माझ्या गळ्यातली गाठ काढायची आहे. आवाजाची नस तिला लागूनच जाते. शंभरात एखाद्याचा आवाज कायमचा जातो, असे सर्जनबाईंनी सांगितले. त्या नव्व्याण्णवांविषयी बोलत होत्या. मी घरी पोचेपर्यंत त्या एकाचाच विचार करत होते. मरणाची मला फार भीती नाही. पण माझ्याकडची ही एक वस्तू माझ्याआधी जाऊ शकते, म्हणून तिची व्यवस्था घरादाराबरोबर याच कागदात करते.

१. घर, गोठा आणि त्यामागची दोन्ही कुरणे माझा चुलतभाऊ गेथिन, एम्रिसकाकांचा मुलगा, याला मिळावीत. आई मी दोन वर्षांची असताना गेली, वडील दोन वर्षांपूर्वी. मला दुसरे जवळचे कोणी नाही. तसे कोणी असते तरी मी हेच लिहिले असते, असे आता वाटते. आमच्या आणि काकांच्या कुरणामध्ये एक फाटक आहे. ते बाबांनी तारेने बांधून टाकले होते. गेथिनने ती तार कापावी. पक्कड गोठ्यात, डाव्या हाताच्या खिळ्याला आहे. फाटक कुजले असेल तर नवे बसवू नये, मोकळेच ठेवावे.

गेथिनचे म्हणणे आहे की लहानपणी मी त्याला माझी सायकल कधी दिली नाही. ती पोटमाळ्यावर आहे. तीही त्याचीच.

२. सूर घ्यायचा पोलादी काटा, आजोबांचा, एम्रिसकाकांना मिळावा. हा बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. गाण्याआधी ते तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरत. काटा आमच्याकडे राहिल्यामुळे काका इतकी वर्षे अंदाजाने सूर धरतात आणि नेहमी खालीच धरतात. यावर आमच्या घरी हसत असत. मीही हसले आहे.

३. आता ते गीत. आमचे वकील सीमेपलीकडच्या श्रूजबरीचे आहेत, त्यांना इकडची रीत माहीत असेलच असे नाही, म्हणून लिहून ठेवते. वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात नाताळापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत गावोगावच्या चर्चमध्ये प्लगाइन होते, म्हणजे घराघरांतली जुनी नाताळगीते गाण्याची संध्याकाळ. पुढे कोण गाणार, हे कोणी जाहीर करत नाही. ज्या घराला वाटेल ते घर बाकावरून उठते, पुढे जाते, गाते आणि परत येऊन बसते. टाळ्या नाहीत. प्रत्येक घराची गीते ठरलेली. आणि एकदा गायले गेलेले गीत त्या संध्याकाळी पुन्हा कोणी गात नाही.

आमचे गीत तीन आवाजांचे. वरचा बाबांचा, खालचा एम्रिसकाकांचा, मधला आजीचा. ज्या शरद ऋतूत आजी गेली, त्यात बाबांनी मला मधला आवाज शिकवला. मेंढ्यांना चारा टाकताना ते वरचा आवाज गात आणि मी चुकले की चाऱ्याचा काटा जमिनीवर आपटत. "तुझं तू गा. माझ्या मागे येऊ नकोस," एवढीच त्यांची शिकवण. डिसेंबर संपता संपता मला ते आले. काकांना त्यांनी यातले काही सांगितले नाही. त्यांना सांगायचे नव्हते, दाखवायचे होते.

त्या जानेवारीत आम्ही दोघे उजवीकडच्या बाकावर बसलो, काकांचे घर डावीकडे. एक घर गायले, दुसरे गायले. बाबा उठेनात. मी त्यांच्या बाहीला धरले, तर म्हणाले, "थांब, तो येईल इकडे." काका आले नाहीत. बराच वेळ सगळे चर्च गप्प होते. मग काका आणि गेथिन उठले आणि आमचे गीत दोनच आवाजांत गायले. त्या संध्याकाळी ते पुन्हा गाता येणार नव्हते. नंतरच्या जेवणाला बाबा थांबले नाहीत, गाडीत जाऊन बसले. मी मनुकांचा पाव हातात घेऊन त्यांच्या मागे गेले.  'एम्रिसने गीत हिरावून घेतलं' असे ते बोलले दुसऱ्या दिवशी, आणि मग आयुष्यभर तेवढेच.

पुढची सगळी वर्षे दोन्ही घरे एकमेकांच्या आधी उठायला टपलेली असत. आम्ही आधी उठलो तर गीताला खालचा आवाज नसे, ते उठले तर मधला. ज्या वर्षी आमचा नंबर आधी लागे, त्या वर्षी काटा गुडघ्यावर आपटताना बाबा किंचित हसत. ते हसू मी कोणालाही वारसा म्हणून ठेवत नाही. बाबा गेल्यावर मी एकटीच बाकावर बसत आले. एकट्या मधल्या आवाजाने उठून करायचे काय?

खरी गोष्ट मला डिसेंबरात कळली. गावच्या हॉलमध्ये मी दर शनिवारी जुन्या गाण्यांचा वर्ग घेते. वर्षअखेरीला वर्गाचा छोटा कार्यक्रम झाला, त्याला चहाकरिता मेन्नाकाकू आल्या होत्या, एम्रिसकाकांच्या पत्नी. आम्ही एकमेकींशी बोलतो, पण हवामानापुरते. त्या दिवशी दोघी कप विसळत होतो आणि त्या मध्येच म्हणाल्या, "सगळ्या जगाला शिकवतेस. घरचं तेवढं शिकवत नाहीस."

"बाबांनी नको म्हटलं होतं, काकू. हॉलमध्ये वाटायला ठेवलेलं नाही म्हणायचे."

"तुझ्या बाबांना गायचं तरी कुठे होतं? तुझी आजी गेली त्या वर्षी बसून राहिला नुसता. आम्ही वाट बघितली. एम्रिसचा जीव वरखाली. म्हणाला, ट्रेव्हरला आईशिवाय गाववत नाहीये, आणि आईचं गाणं तिच्याच वर्षी मुकं राहणार. म्हणून उठला तो. गेथिनला तर अर्धे शब्द पण येत नव्हते."

मी म्हटले, "बाबा काकांची वाट बघत होते. मधला आवाज मी शिकले होते."

"तुला येत होतं? त्या वर्षी?"

"सगळं."

काकूंनी नळ बंद केला. ओले हात पुसायचे सोडून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दोघे गाढव. आणि त्यातला एक तर आता कानउघाडणी करायला पण उरला नाही."

मी विचारले, काकांना सांगाल का. त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. आधी सांगितलं तर प्लगाइनच्या दिवशी त्याला नेमका खोकला होईल. पंचावन्न वर्षं ओळखते मी त्याला. तुला जे करायचं ते तिथेच कर."

सबब: माझा मधला आवाज मी गेथिनला आणि त्याच्यामागे जो कोणी शिकू मागेल त्याला देते. फोनमध्ये मी तो गाऊन ठेवला आहे. पण तो एकटा ऐकला तर गाणे वाटतच नाही, कोणीतरी पुढच्या खोलीतून बोलते आहे असे वाटते. तो वरच्या आणि खालच्या आवाजांत उभे राहूनच शिकावा लागतो. माझ्या आयुष्यात मी तो तिन्ही आवाजांत एकदाही गायलेला नाही. बाबांबरोबर आता गाता येणार नाही, याला या कागदात काही उपाय नाही.

४. शनिवारच्या वर्गाला माझ्या सगळ्या गाण्यांच्या प्रती, हॉलच्या कपाटातली मोठी किटली आणि पुढे आमचे गीत शिकण्याची मोकळीक. बाबांचा शब्द मी इथे मोडते आहे. त्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. एक अट मात्र आहे: प्लगाइनला गेले तर टाळ्या वाजवू नयेत. मागच्या वर्षी वाजवल्या होत्या आणि पाद्रीबाबांचा चेहरा मला अजून आठवतो.

५. मॉट हा कुत्रा मेन्नाकाकूंकडे जावा. तसाही तो दुपारी तारेखालून त्यांच्याकडेच जातो.

६. माझ्या अंत्यविधीत एम्रिसकाकांनी आणि गेथिनने गावे. नंतरच्या जेवणाला दोन्ही घरांची माणसे एकाच टेबलावर बसवावीत. खारवलेले डुकराचे मांस, लोणच्यातले कांदे आणि मनुकांचा पाव असावा. कोणी गाडीत जाऊन बसले तर ताट गाडीत नेऊन देऊ नये, त्याला आत बोलवावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गेथिनने करावी.

८. वर्गातल्या पॉलीनबाईंना काहीही ठेवलेले नाही. मागच्या मृत्युपत्रात त्यांना माझा निळा कप होता. साक्षीदाराला काही देता येत नाही आणि आज त्या साक्षीदार आहेत. मी हे त्यांना समजावून सांगितले.

त्या म्हणाल्या, "वा. म्हणजे सही पण करायची आणि कप पण सोडायचा?"

"तसं असेल तर दुसरं कोणी बघते मी."

"बघू नकोस. कप आत्ताच दे, मग सही करते."

कप दिला. तो आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: लिनेद

साक्षीदार: पॉलीन हॅडली, निवृत्त परिचारिका
साक्षीदार: इद्रिस वॉन, हॉलचे राखणदार

स्थळ: गावचा हॉल, बान्यू नदीचे खोरे, वेल्स
दिनांक: शनिवार, ४ जानेवारी २०२५

सहीच्या खाली लिहिलेले कायद्याला लागू होत नाही, असे पॉलीनबाई म्हणतात. म्हणूनच पुढचे इथे लिहिते, कारण ते कोणाला द्यायचे नसून माझे मला करायचे आहे. यंदा आमच्या चर्चमधल्या प्लगाइनला मी उजवीकडच्या बाकावर बसेन. काटा माझ्या खिशात असेल. मी कोणाच्या आधी उठायला टपणार नाही आणि कोणी इकडे येईल म्हणून थांबणारही नाही. पहिले घर गाऊन बसले की मी उठेन, पण पुढे जाणार नाही. मधली वाट ओलांडून डावीकडे, एम्रिसकाकांच्या बाकापाशी जाईन, काटा त्यांच्या हातात देईन आणि ते उठेपर्यंत तिथे उभी राहीन.

आमचे प्लगाइन: रविवार, १२ जानेवारी २०२५.