मठातली गुड फ्रायडेची मेजवानी

मी, बर्नडेट उर्सुला एंटविसल, अविवाहित, निवृत्त कोशकार, राहणार क्लिदरो, परगणा लँकेशर, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाचाही सल्ला न घेता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी गेल्या वर्षीच्या सुनावणीचा निकाल वाचावा. माझ्या स्मरणशक्तीविषयी अध्यक्षांनी त्यात काय म्हटले आहे ते मी विनयामुळे येथे उतरवत नाही. ते बाराव्या पानावर आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः माझा पुतण्या जेरोम याने मला फ्लू झाला असताना टाइप करून आणलेले.

कलम १. घर. मूर लेनवरचे माझे राहते घर माझी मैत्रीण मिस थर्झा ऑग्डेन हिने तिच्या हयातीपर्यंत वापरावे. तिच्या सध्याच्या खोलीच्या भिंतींना ओल आहे आणि घरमालक त्या ओलीला हवामान म्हणतो. थर्झाने दिवाणखान्यात पत्ते खेळताना लबाडी करायला माझी हरकत नाही, ती करतेच. तिच्यानंतर घर जेरोमला मिळावे. मात्र हे कलम एकटे वाचू नये. कलम ४ पाहावे.

कलम २. कात्री. शिवणाच्या डब्यात काळ्या मुठीची कात्री आहे ती शिवणाची नाही, कोणी कापडाला लावू नये. ती मदर कोलंबा यांची. मठाच्या शाळेत त्या आम्हाला निबंध शिकवत. निबंध लिहून झाला की त्या कात्रीने त्याचे परिच्छेद कापायच्या, पत्त्यांसारखे पिसायच्या आणि शेजारच्या मुलीला द्यायच्या. तिने ते जुळवायचे. मूळ क्रम सोडून दुसऱ्या एखाद्या क्रमानेही निबंध वाचता आला, तर तो पुन्हा लिहायचा. मी एकदा रडले तेव्हा त्या म्हणाल्या, "रडतेस काय? तू नुसता ढीग घालून ठेवतेस. ढिगातला एक दगड उचलला तर ढिगाला कळतही नाही. मला कमान हवी."

मी पुढे आयुष्यभर जे काम केले त्याचा पाया हा आहे. कात्री शाळेला द्यावी. काचेच्या कपाटात न ठेवता वापरावी.

कलम ३. 'स्ट्रक्चर' हे क्रियापद. ते अर्थातच माझे नाही, ते साऱ्या इंग्रजीचे आहे. पण त्याची नोंद माझी आहे, आणि तिची हकिकत येथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण पुढची सर्व कलमे तिच्यावर उभी आहेत.

प्रेस्टनच्या एका प्रकाशन संस्थेत थर्झा आणि मी शब्दांच्या वापराचा कोश तयार करत होतो. अक्षरे आम्ही दोघींनीच वाटून घेतली होती, एस मात्र दोघींकडे होते. मुख्य संपादक होते श्री. पेरेग्रीन लॅसेल्स, दक्षिणेकडचे, फुलाफुलांच्या जाकिटातले. मी 'स्ट्रक्चर'ची नोंद त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते म्हणाले, "मिस एंटविसल, ही गवंड्यांची आणि सरकारी समित्यांची भाषा. सभ्य माणूस आखतो, मांडतो, रचतो. तो 'स्ट्रक्चर' करत नाही."

मी म्हटले, "सभ्य माणसाने गेल्या आठवड्यात वार्षिक अहवालात तो शब्द दोनदा वापरलाय. सही तुमची आहे."

नोंद राहिली. ती अशी होती. अर्थ: सुटे भाग एका हेतूने असे मांडणे, की त्यांतला एक काढला तर बाकीचे डगमगावेत. वापर: औपचारिक लेखनात. दिवस, धडा, युक्तिवाद, करार, संस्था यांच्याबाबत वापरावे. कपाट, केस आणि मुले यांच्याबाबत वापरू नये, ती आवरावीत. आणि ज्या गोष्टीभोवती बाकीचे सारे उभे केले, ती गोष्ट वाक्यात सांगावी, नाहीतर शब्द नुसताच डामडौल करतो.

आता उदाहरण. कोशाच्या धंद्यात चोरी फार. दुसऱ्याचा कोश समोर ठेवून आपला लिहिणारे पुष्कळ, आणि अर्थ तर सगळ्यांचे सारखेच दिसणार. मग चोर ओळखायचा कसा? म्हणून आमच्या खोलीत प्रथा होती. प्रत्येकीने आपल्या नोंदींत एक वाक्य असे घालायचे, जे व्याकरणाला बिनचूक पण साफ खोटे. आणि खोटे असल्याचे फक्त आपल्या घरच्या माणसांना कळावे. त्याला आम्ही चोरखिळा म्हणत असू. तो एकमेकींना चहाच्या वेळी सांगायचा, मुख्य संपादकाला कधीच नाही.

माझा चोरखिळा 'स्ट्रक्चर'खाली होता: "मठमातेने गुड फ्रायडेच्या मेजवानीची सारी रचना डुकराच्या भाजलेल्या तंगडीभोवती केली होती." आम्हा कॅथलिकांत गुड फ्रायडे म्हणजे वर्षातला सर्वांत कडक उपास. मांस नाही. मेजवानी तर नाहीच नाही. मठात त्या दिवशी आम्हाला उकडलेला कॉड मासा मिळे आणि मदर कोलंबांची नजर मिळे.

पुढे एके दिवशी आम्हाला सांगण्यात आले की कोश परवडत नाही, काम बंद. आम्हा दोघींना एकेक टेबलावरचे घड्याळ देऊन घरी पाठवले. हस्तलिखित कोठे आहे, असे मी विचारले. लॅसेल्स म्हणाले, "रद्दीत गेलं. फार वाईट वाटलं."

मग आम्ही म्हाताऱ्या झालो. आणि एका सकाळी थर्झा वाचनालयातून जाडजूड पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात आली. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे ती सगळ्या गल्लीसाठी बोलते. "बर्नडेट! अगं, तुझं डुक्कर छापून आलंय!"

पुस्तकाचे नाव 'लॅसेल्स यांचा वापरकोश'. लंडनमध्ये छापलेले. लॅसेल्स दूरचित्रवाणीवर त्यातले शब्द समजावून सांगत, त्याच जाकिटात. एस अक्षरच काय, सारा कोश पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आमचा. आमची नावे कोठेही नाहीत, अगदी आभारातही नाहीत. तेथे त्यांच्या कुत्र्याचे नाव आहे.

माझी मागणी एकच होती आणि ती मी लंडनच्या प्रकाशकाला लिहून कळवली: पुस्तकाच्या कण्यावर, कपाटात उभे ठेवले की दिसतो त्या कडेवर, आमची नावे. पैसे त्यांनी स्वतःहून देऊ केले. मी पत्र परत पाठवले. शेवटी लवाद नेमला गेला. अध्यक्ष मिसेस हॅझलडीन, निवृत्त न्यायाधीश. मागच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत नव्वदी ओलांडलेल्या मदर कोलंबा बसल्या होत्या. त्यांना मी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या विद्यार्थिनीचा निबंध चोरीला गेलाय, मी घरी बसून काय माळ ओढू?"

लॅसेल्सनी सुरुवातच अशी केली: "मिस एंटविसल आमच्याकडे टंकलेखन करायच्या. फार सुबक करायच्या."

मी त्यांना बोलू दिले. मठाच्या शाळेत आम्हाला हेही शिकवले होते की समोरचा स्वतःचा खड्डा खणत असेल तर त्याचे फावडे धरू नये.

मिसेस हॅझलडीननी विचारले, "ही सगळी उदाहरणं तुमची स्वतःची?"

"एकूण एक. जगलेल्या आयुष्यातून उचललेली."

"हे मठमातेचंही?"

"ती तर माझी मावशी!" लॅसेल्स खुलले. "लहानपणी गुड फ्रायडेला तिच्याकडे जेवलोय मी. काय तंगडी होती! वरची ती कुरकुरीत साल अजून जिभेवर आहे."

मागून हसण्याचा आवाज आला. मदर कोलंबा आयुष्यात मोठ्याने हसल्याचे मी कधी ऐकले नव्हते. "अरे पोरा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या मावशीने तंगडी वाढली असती ना, तर बिशपसाहेबांनी तिला बोचक्यासकट माहेरी धाडलं असतं!"

"शांतता राखा," मिसेस हॅझलडीन म्हणाल्या. "आपण कोण?"

"मी हिची बाई."

मग मी उभी राहिले आणि वाक्य खोटे का आहे ते सांगितले, आणि खोटे का लिहिले तेही सांगितले. लॅसेल्स म्हणाले, "कदाचित तो मासा असेल."

"कुरकुरीत सालीची तंगडी असलेला मासा?" मिसेस हॅझलडीननी विचारले, आणि त्यांच्या लेखनिकाने रुमाल तोंडाला लावला.

लॅसेल्स सावरले. म्हणाले, एखाद्या म्हाताऱ्या बाईला एखादा योगायोग सापडला म्हणून एवढा कोश तिचा होत नाही. तेव्हा मी म्हटले, "अध्यक्षबाई, याच अक्षरात 'स्ट्रिक्ट' हा शब्द काढावा. पान उघडायच्या आधी मी सांगते. तिथे असं वाक्य आहे: कडक मेथडिस्ट असल्याने आजोबा प्रार्थनेला निघण्यापूर्वी फक्त जिनच घेत. ते मिस ऑग्डेन हिचं."

पान उघडले गेले. मिसेस हॅझलडीननी वाक्य मोठ्याने वाचले. थर्झा मेथडिस्ट घरातली. त्यांच्यात दारूच्या थेंबाला जागा नाही. तिला वाचलेले ऐकू आले नसावे, पण सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसले. ती उठून ओरडली, "आमचे आजोबा दारूच्या दुकानावरून जाताना टोपी डोळ्यांवर ओढायचे! दोनदा दिव्याच्या खांबावर आपटलेत!"

मिसेस हॅझलडीन लॅसेल्सकडे वळल्या. "हे आजोबाही तुमचेच का?"

त्यांनी जाकिटाचे वरचे बटण लावले आणि आपली प्रत मिटली. 

निकाल आमचा झाला, कोशाचे हक्कही आम्हा दोघींकडे आले. जुन्या प्रती परत मागवल्या गेल्या. नव्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत 'एंटविसल आणि ऑग्डेन' असे छापले आहे. थर्झा म्हणते की तिचे वय जास्त, तिचे नाव आधी हवे होते. मी तिला वर्णमाला दाखवली. मदर कोलंबांनी पहिली प्रत मांडीवर घेतली, कण्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कापायला नको." त्यानंतर काही महिन्यांनी त्या शांतपणे गेल्या आणि कात्री मला ठेवून गेल्या.

कलम ४. कोशाचे हक्क. हा या मृत्युपत्राच्या कमानीचा मधला दगड आहे.

गेल्या महिन्यात जेरोम कस्टर्डची टार्ट घेऊन आला. तो स्वतःच्या पैशाने टार्ट आणतो तेव्हा मी चष्मा लावते. लंडनच्या प्रकाशकाने त्याच्याकरवी कागद पाठवला होता: हक्क कायमचे विकावेत, आणि पुढच्या आवृत्तीवर पुन्हा लॅसेल्सचे नाव येईल, कारण लोक त्यांना ओळखतात.

"आत्या, तुमची नावं काढणार नाहीयेत ते. आत येतील."

"आत कुठे?"

"आत म्हणजे... मागे. आभारात."

"कुत्र्याच्या वर की खाली?"

"आत्या, तू गेल्यावर तुला काय फरक पडणार आहे?"

"जेरोम, तुझ्या गालिच्यांच्या दुकानाची पाटी उतरवून मी मागच्या मोरीत लावते. तू मेलास की तुलाही फरक पडणार नाही."

टार्ट मात्र चांगली होती. ती मी आणि थर्झाने संपवली.

तर कोशातले माझे सर्व हक्क मी मदर कोलंबांच्या शाळेला देते; थर्झानेही आपल्या वाट्याचे तसेच लिहून ठेवले आहे. अटी दोन. कण्यावरची नावे आहेत तशी, आहेत तेथे राहावीत. आणि 'स्ट्रक्चर'खालचे मठमातेचे वाक्य कोणी सुधारू नये. ज्याला ते चुकीचे वाटेल त्याने खुशाल पत्र लिहावे, मुलींना उत्तर लिहिण्याचा सराव होईल. जेरोमने या कलमाला न्यायालयात किंवा टार्ट घेऊन कोठेही आव्हान दिले, तर कलम १ मधले घर थर्झानंतर त्याला न मिळता शाळेला मिळेल. जेरोम, तू वाईट मुलगा नाहीस, घाईचा आहेस. मी हा कागद माझ्याच व्याख्येप्रमाणे रचला आहे. एक कलम काढून बघ.

कलम ५. किरकोळ वस्तू. हिरव्या शाईचे पेन थर्झाला. चिनी मातीची मांजरे जेरोमच्या बायकोला, तिला ती आवडत नाहीत आणि तिने तसे बोलून दाखवले आहे. शब्दांच्या चिठ्ठ्यांची खोकी कलम २ च्या कात्रीबरोबर शाळेला.

कलम ६. श्री. पेरेग्रीन लॅसेल्स यांना मी ते निरोपाचे घड्याळ देते. ते कधीच बरोबर चालले नाही. शिवाय मठमातेचे वाक्य त्यांनी हवे तेथे, हवे तितक्या वेळा वापरावे. खाली माझे नाव घालावे.

कलम ७. व्यवस्थापक म्हणून मी माझे वकील श्री. होरेस बिबी यांना नेमते. कलमांचा क्रम बदला, असे त्यांनी सुचवले होते. त्यांना कात्री दाखवली.

कलम ८. अंत्यविधी. प्रार्थना आमच्या चर्चमध्ये, लॅटिनमध्ये, आणि गिटार नको. नंतर माझ्या घरी जेवण. जेवणाची सारी रचना डुकराच्या भाजलेल्या तंगडीभोवती करावी. सफरचंदाचा सॉस एका बाजूला, बटाटे दुसऱ्या, आणि साल कुरकुरीत हवी. मी पवित्र आठवड्यात गेले तर ईस्टर होईपर्यंत थांबावे. मला घाई नसेल. मेथडिस्टांना चहा. थर्झाने मात्र प्रार्थनेला निघण्यापूर्वी थोडी जिन घ्यावी, अशी माझी इच्छा आहे. तिला विचारले तर ओरडून म्हणाली, "एकच! आणि आजोबांना सांगू नकोस!"

लॅसेल्सना बोलावणे जावे. त्यांना टेबलाच्या मध्यभागी, तंगडीसमोर बसवावे, आणि पहिला काप त्यांनाच वाढावा. लहानपणापासून वाट पाहत आहेत.

वरील सर्व मी वाचून पाहिले. एकही शब्द बदलायचा नाही.

स्थळ: मूर लेन, क्लिदरो
दिनांक: १३ एप्रिल २००४, ईस्टरनंतरचा मंगळवार

सही: बर्नडेट उर्सुला एंटविसल

साक्षीदार, ज्यांना कायद्याने या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, म्हणून आत्ताच चहा आणि आल्याचा केक दिला आहे:

विनिफ्रेड टॅटरसॉल, ग्रंथपाल
आल्बर्ट क्रॉनशॉ, खाटीक

श्री. क्रॉनशॉ यांनी सही करून झाल्यावर विचारले, "मिस एंटविसल, तंगडी केवढी लागेल?" मी सांगितले, मोठी. पुस्तकाच्या कण्यावर ज्यांची नावे आहेत त्यांच्या घरचे जेवण आहे.