एकच पान
आर्णी, मंगळवार, दिवेलागणीला

वहिनींवर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. बोरी अरबहून चार दिवस राहायला आल्या, आणि रिकामं बसवेना म्हणून आज माझी कुंडी निंदून काढली. "लय गवत झालतं भाऊजी, उपटून टाकलं. धने पेरले तिथं." जन्म गेला त्यांचा कपाशीत निंदण करण्यात. लांब, पातळ पान दिसलं की हात आपोआपच जातो.

ते गवत नव्हतं. मीनाने लग्नानंतर सासरकडच्या डोंगरातून पाठवलेल्या बियांतला, थंड हवेतला ताड होता तो. सोबत चिठ्ठी होती, 'उगवलं तर कळवा, बाबा.' तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. बिया मात्र ओल्या भुशात घालून मागचा उन्हाळाभर फ्रिजमध्ये जपल्या, थंडी पडल्यावर पेरल्या. आठांतलं एक उगवलं. एकच पान, अगदी गवतासारखं. यंदा कूलर माझ्याकडे कमी, त्या कुंडीकडेच जास्त.

उगवलं तेव्हाच फोन का नाही केला? दुसरं पान येऊ दे, म्हटलं. खोटं. तिनेच आधी करावा, असं वाटत होतं.

कुंडीत काय आहे ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मग वहिनींचा काय दोष?

कचऱ्यात शोधलं. पान उन्हाने वळून दोरा झालेलं, मुळाला बी अजून चिकटलेलं. मागून वहिनी म्हणाल्या, "काही कामाचं होतं का जी?"

"नाही," म्हटलं. "गवतच होतं."