हिरोशिमाचं रोप

१९ जुलै
रोप आलं! टीचभर, चारच पानं, पंख्याच्या आकाराची. हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा एक झाड जळून कोळसा झालं नि पुढे त्याच बुंध्यातून फुटलं. त्याच्या बियांचं हे. शाळेच्या माळ्याच्या हाती असं काही येईल, वाटलं नव्हतं. सहा ऑगस्टला मुलं याच्याभोवती उभी राहणार. तोवर जगवायचं. लावताना हात जोडले.

२२ जुलै
जेवता जेवता उठून पाहून आलो. बायको म्हणते, "रोप आहे की जावई?"

२९ जुलै
पानं पिवळी पडताहेत. पाणी मी बेतानेच घालतो. कुठे चुकतंय?

३१ जुलै
माती उकरली, तर चिखल! मुळं सडलेली. पाणी कोण घालतंय ते बघायला मधल्या सुट्टीत आडोशाला बसलो. चौथीची मुलं आली. एकेकाने बाटलीतलं पाणी ओतलं. ओरडायला उठलो, तर एक चिमुरडी म्हणाली, "बाई म्हणाल्या, बॉम्बने भाजलेली माणसं पाणी पाणी करत गेली. म्हणून आम्ही याला देतो, काका."
काय रागावणार!
म्हटलं, "याचं पोट भरलंय गं. मी सांगेपर्यंत थांबा."

१ ऑगस्ट
सडकी मुळं कापून कोरड्या मातीत लावलं. चौथीच्या बाईंना सांगितलं, मुलांना पाणी घालायचं थांबवलंय. त्यांचे डोळे भरले. "तेव्हाही असंच झालं हो. पाणी दिलं तर दगावतील, म्हणून कित्येकांना कुणी दिलं नाही." मुलं लांबून बघतात, बाटल्या पाठीमागे लपवून.

६ ऑगस्ट
एकच पान उरलंय. मुलं गोल उभी राहिली. बाई म्हणाल्या, "असे बॉम्ब आजही हजारो आहेत. जगात एकही उरता कामा नये."
मागून कुणीतरी विचारलं, "आपलेसुद्धा?"
बाई म्हणाल्या, "आपलेसुद्धा."
देवापुढे रोज घरच्यांसाठी मागतो. आज कधी न पाहिलेल्या माणसांसाठी मागितलं. आणि बाईंचं ते वाक्य, 'एकही उरता कामा नये', जसंच्या तसं.

९ ऑगस्ट
गेलं. आज नागासाकीचा दिवस.
मुलं जमली. त्या चिमुरडीने बाटली छातीशी धरलेली.
म्हटलं, "आता घाला, बाळांनो. हवं तेवढं घाला."